हमालांचे पेय

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये गडद तपकिरी रंगाची, कडवट आणि खिशाला परवडणारी एक बिअर लोकप्रिय झाली. ती पिणाऱ्यांत बाजारपेठांतून आणि थेम्स नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या लोकांचा भरणा मोठा होता. या लोकांना इंग्रजीत 'पोर्टर' म्हणतात. त्यांच्यावरून त्या बिअरचेही नाव पोर्टर पडले. १७२१ पासून ते छापील मजकुरात आढळते. मराठीत या नावाचा अर्थ सांगायचा तर 'हमाल' या शब्दावाचून गत्यंतर नाही. आज त्याच पोर्टरचे आणि तिच्यापासूनच निघालेल्या स्टाउटचे पेले पुण्या-मुंबईत हौशी जाणकारांसमोर मांडले जातात, आणि वास, रंग, फेस, चव, जिभेवरचा स्पर्श यांना वेगवेगळे गुण देऊन त्यांची परीक्षा होते.

हा विषय मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी का हाती घ्यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. (आमच्या विभागाच्या खोलीत तो आधीच विचारून झाला आहे, तोही भुवया उंचावून.) आम्ही राहतो ते माधवनगर सांगलीहून तासगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या एका टोकाला हळदीची आणि गुळाची जुनी पेठ, दुसऱ्या टोकाला द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा मुलूख. पोती वाहणारे हमाल आमच्या रोजच्या पाहण्यातले. लंडनच्या हमालाने जे प्यायले त्याला नाव मिळाले, प्रकार मिळाले, इतिहासकार मिळाले आणि गुणपत्रिकाही मिळाली. आमच्याकडच्या हमालाने जे प्यायले त्याला 'दारू' हा एकच शब्द मिळाला, आणि त्या शब्दातच निवाडाही देऊन झाला. हे असे का झाले असावे, हा या लेखाचा विषय आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा त्याचा हेतू नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. मराठीत या विषयावर लिहिताना असे सांगावे लागते, हाही त्या इतिहासाचाच एक भाग होय.

मुळात 'दारू' हा शब्द फारसी. तेथे त्याचा अर्थ औषध. आपण आजही 'दवादारू' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ जिवंत असतो. पुढे हा शब्द बंदुकीच्या भुकटीला लागला आणि 'दारूगोळा', 'दारूकाम', 'शोभेची दारू' असे शब्द रूढ झाले. औषध, स्फोटक आणि मद्य या तिन्ही वस्तू एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. पण मद्याच्या अर्थाने तो वापरला की त्यात भेद उरत नाही. ताडी, माडी, मोहाची, उसाच्या मळीची, जवाची, द्राक्षांची, सगळी दारूच. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने 'वाइन म्हणजे दारू आहे की नाही' या एकाच मुद्द्यावर वाद रंगला. निर्णय अमलात आला नाही. आम्हाला त्या वादात शेतीचे अर्थकारण किंवा आरोग्य यांपेक्षा शब्दार्थाचाच प्रश्न अधिक दिसला. दोन्ही बाजूंना एकाच शब्दाने पकडून ठेवले होते.

संस्कृतात अशी स्थिती नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात या ग्रंथाची जी चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास सिद्ध केला, त्यामुळे आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही ते सहज वाचता येते. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे सहा प्रकार तेथे सांगितले आहेत. नुसती नावे सांगून कौटिल्य थांबत नाही, तर प्रमाणेही देतो: मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण घडवून आणणारे विरजण. द्राक्षरसापासून होणाऱ्या मधूचे तर कापिशायन आणि हारहूरक असे भेद दिले असून, ही नावे ते मद्य जेथले त्या प्रदेशांवरून आली आहेत. फ्रान्समधल्या गावांची नावे मिरवणाऱ्या वाइनचे कौतुक करताना ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पानगृहात निरनिराळी दालने, शय्या, आसने, ऋतूनुसार सुखकर फुले आणि पाणी असावे, असेही हा रूक्ष म्हणून प्रसिद्ध असलेला ग्रंथकार सांगतो. अर्थात त्याच पानगृहात त्याचे हेरही बसलेले असतात.

मात्र याच प्रकरणात एक वाक्य असे आहे की ते वाचून आम्ही थबकलो. सुरा बिघडली तर तिचे काय करावे? कौटिल्याचे उत्तर असे की ती दासांना आणि कामकऱ्यांना वेतन म्हणून द्यावी, किंवा ओझ्याच्या जनावरांना पाजावी, किंवा डुकरे पोसण्यासाठी वापरावी. म्हणजे चवीची परीक्षा आहे, तिच्यासाठी शब्द आहेत, मापे आहेत, अधिकारी आहे; पण त्या परीक्षेत जे नापास होईल ते हमालाच्या वाट्याचे. चवीची भाषा आणि चवीचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या निर्विकारपणे दुसऱ्या कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित असतो तो त्यातील गीतविनोदात आलेल्या मराठी पद्यांमुळे. त्याच ग्रंथात राजाच्या क्रीडा सांगताना मदिरापानक्रीडेचाही समावेश केला आहे. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. ही सगळी शब्दसंपत्ती पुढे मराठीत आली का? आली, पण मोठ्या गमतीने आली. 'आसव' आणि 'अरिष्ट' औषधांच्या दुकानात शिरले. द्राक्षासव आणि कुमारी आसव यांच्या बाटल्या ज्या घरांत मद्याचे नाव काढत नाहीत त्या घरांतही मानाने वसल्या. 'अरिष्ट' या शब्दाचा तर संकट हाच अर्थ मराठी माणसाला आधी सुचतो. आणि 'कादंबरी' हे एका मद्याचे नाव. बाणभट्टाच्या नायिकेला ते लाभले, बाणाचा अपुरा ग्रंथ पुरा करणाऱ्या त्याच्या पुत्राने त्या नावावर श्लेषही साधला, आणि एकोणिसाव्या शतकात मराठीने एका सबंध वाङ्मयप्रकाराला ते नाव देऊन टाकले. आपण वर्गात कादंबरी शिकवतो तेव्हा पेल्यातले काहीतरी शिकवत असतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले की तास जरा जागा होतो.

पोर्टरकडे परत येऊ. जव भिजवून मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, मग त्यांचा गोड काढा करून हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा, अशी कोणत्याही बिअरची स्थूल कृती. रंग येतो तो भाजण्यातून. थालीपिठाची भाजणी ज्याने केली आहे त्याला हे शास्त्र निराळे समजावून सांगायला नको. सुरुवातीची पोर्टर लाकडाच्या आचेवर वाळवलेल्या तपकिरी माल्टची असे आणि मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरत ठेवली जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस हायड्रोमीटर हे साधन मद्यशाळांत आले, आणि असे ध्यानात आले की फिकट माल्ट महाग असला तरी त्यातून साखर कितीतरी जास्त उतरते. कारखानदार फिकट माल्टकडे वळले. पण मग रंग कोठून आणायचा? जळक्या साखरेपासून नको त्या वनस्पतींपर्यंत नाना भेसळी सुरू झाल्या. १८१६ मध्ये इंग्लंडात कायद्याने माल्ट आणि हॉप्सखेरीज काही वापरण्यास मनाई झाली, आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. कॉफी भाजावी तसा काळाभोर भाजलेला हा माल्ट थोडासाच घातला तरी सबंध बिअर काळी होते. आजच्या स्टाउटला जो कॉफीसारखा, कडू चॉकलेटसारखा खरपूसपणा असतो तो याचा. म्हणजे ज्या चवीला आज परंपरेची चव म्हणून गुण मिळतात, ती काटकसर, भेसळ आणि कायदा यांच्या झटापटीतून निघालेली एक तडजोड होती.

या व्यवसायाचा पसारा केवढा होता याची कल्पना वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला एका नावावरून यावी. कोशकार सॅम्युएल जॉन्सन हा आपला मित्र हेन्री थ्रेल याच्या मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक होता, आणि १७८१ मध्ये थ्रेलची मद्यशाळा विकली गेली तेव्हा तो त्या व्यवहारात जातीने हजर होता. किंमत आली एक लाख पस्तीस हजार पौंड. हमालांच्या पैशा-पैशांतून इतके भांडवल उभे राहिले होते. पिंपे इतकी अवाढव्य झाली की त्यांच्यात मेजवान्या देण्याची फॅशन निघाली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या म्यू कंपनीच्या आवारातले असे एक पिंप फुटले, त्याच्या दणक्याने आणखी पिंपे फुटली, आणि पोर्टरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत शिरला. आठ जण दगावले, सगळ्या बायका आणि मुले. चौकशीत ही दैवी आपत्ती ठरली आणि कंपनीवर कसलाही ठपका आला नाही.

डब्लिनची गिनेस कंपनी १७५९ ची. पोर्टर बनवू लागली ती नंतर. तिच्या नावाशी निगडित असलेली एक गोष्ट आमच्या संख्याशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांना फार प्रिय आहे. विल्यम गॉसेट हा या कंपनीचा नोकर. जवाचे वाण आणि मद्याचा दर्जा तपासताना हाती नमुने थोडेच असत. थोड्या नमुन्यांवरून विश्वासार्ह निष्कर्ष कसा काढावा, या अडचणीतून त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. आपले पीएच.डी.चे विद्यार्थी ज्या 'टी-चाचणी'चे नाव काढताच घाबरतात ती त्यातूनच आली. बिअरची परीक्षा करता करता परीक्षेचेच शास्त्र पुढे गेले.

हिंदुस्थानात पोर्टर आली ती गोऱ्या शिपायांबरोबर. इंडिया पेल एल या फिकट बिअरची कथा सर्वत्र सांगितली जाते: हिंदुस्थानच्या प्रवासासाठी म्हणून केलेली, सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात पक्व झालेली, वगैरे. पण ती अधिकाऱ्यांच्या आणि मुलकी साहेबांच्या टेबलावर असे. छावणीतला साधा शिपाई पीत असे पोर्टर, आणि एकोणिसाव्या शतकात सरकारी कंत्राटावर ती पिंपेच्या पिंपे भरून इकडे येत होती. सरकारला त्यात रस असण्याचे कारण होते. स्थानिक अरक पिऊन शिपाई आजारी पडत आणि मरत. त्यांना अरकापासून सोडवायचे तर छावणीच्या कँटीनमध्ये माल्टची सौम्य मद्ये ठेवावी, असे धोरण ठरले. पोर्टर येथे आली ती एका अर्थी दारूबंदीचे औषध म्हणून. 'दवादारू' या शब्दाला याहून चोख उदाहरण मिळणार नाही.

नाशिकजवळच्या देवळालीची छावणी या इतिहासात भाषेच्या अंगाने महत्त्वाची. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने पडून राहत. काम नाही, ऊन रणरणते, हाती थोडे पैसे. त्या कंटाळ्यात ज्यांचे डोके फिरे त्यांना 'देवळालीचा ताप' झाला असे शिपाई म्हणत. 'ताप' हा आपलाच शब्द त्यांनी उचलला होता. पुढे 'डूलाली' हे इंग्रजीत वेडसरपणाचे विशेषण होऊन बसले. २००९ मध्ये पुण्यात जी छोटी मद्यशाळा सुरू झाली आणि जिच्यापासून महाराष्ट्रात ताज्या, कारागिरीच्या बिअरची चळवळ मोजली जाते, तिने आपल्यासाठी हेच नाव निवडले. मराठी गावाचे नाव इंग्रज शिपायाच्या तोंडून बिघडून इंग्रजी कोशात गेले आणि शंभरावर वर्षांनी पाटीवर परत आले, तेही बिघडलेल्या रूपातच.

गोऱ्या शिपायाच्या आरोग्याची अशी काळजी वाहणाऱ्या सरकारने इथल्या लोकांच्या पिण्याचे काय केले? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचे काम मोठ्या मक्तेदारांकडे दिले आणि ताडी-माडीच्या झाडांवर जबर कर बसवला. कोकणपट्टीतल्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा त्याने मोडला. स्वस्त, सौम्य, ताजी ताडी महाग झाली आणि सरकारी भट्टीची कडक दारू गावागावांत पोचली. महसूल हा तिचा हेतू. १८८० मध्ये जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढवली जात असल्याबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधन झाले. फुले आणि टिळक यांची मते जुळण्याचे प्रसंग फार नाहीत. हा त्यांतला एक. मराठी समाजाने दारूकडे पाप म्हणून पाहिले ते केवळ सोवळेपणातून, असे म्हणणाऱ्यांनी हा अबकारीचा हिशेब नजरेआड करू नये.

आणि मग नाटक. आमच्या सांगलीला या बाबतीत दुप्पट अधिकार आहे. विष्णुदास भाव्यांचे १८४३ चे 'सीतास्वयंवर' येथले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर येथले. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) नाटकाचा आधार कच-देवयानीची महाभारतातली कथा. कचाला मारून त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांना पाजली जाते, आणि आपल्या पोटात काय गेले हे त्या महाज्ञानी पुरुषाला कळत नाही. आम्हाला ही कथा नेहमी चवीची कथा वाटत आली आहे. शुक्राचार्य पितात, पण चाखत नाहीत. चाखले असते तर शिष्याची राख ओळखू आली असती. मूळ कथेतले शुक्राचार्य यावर उपाय म्हणून मद्यालाच शाप देतात, आणि खाडिलकरांचा रोखही मद्यनिषेधाकडेच आहे. ते त्या काळाला धरून झाले.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. या नाटकाने मराठी मनावर जो ठसा उमटवला त्याबद्दल नव्याने सांगण्याजोगे काही नाही. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाकडे. मराठी वाङ्मयातले हे पहिले महत्त्वाचे मद्यमंडळ. आणि या मंडळात कोणीही मद्याच्या चवीविषयी एक शब्द बोलत नाही. वाद आहेत, कोट्या आहेत, ठराव आहेत, समाजसुधारणेची टवाळी आहे. पेल्यात काय आहे, त्याचा वास कसा, ते घशाखाली कसे उतरले, याचे वर्णन नाही. हा गडकऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. जगबुडी सांगणाऱ्याने पाण्याची चव सांगत बसू नये. परंतु या नाटकाच्या प्रभावामुळे मराठी लेखकाच्या हाती मद्याविषयी दोनच सूर राहिले, एक करुण आणि दुसरा विनोदी. पुढे दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या सुक्या गोदीत राबणाऱ्या वडिलांचे पिणे येते तेव्हा प्रथमच तिसरा सूर लागल्यासारखा वाटतो. तेथे पिणारा माणूस दृष्टान्त म्हणून येत नाही, बाप म्हणून येतो. तोही गोदीतला कामगार, लंडनच्या पोर्टरचा व्यवसायबंधूच.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने सगळ्या प्रांतात मद्य निषिद्ध ठरले. १९६० च्या दशकात बंदी शिथिल होईपर्यंत 'हेल्थ परमिट' हा सभ्य माणसाचा मार्ग होता आणि हातभट्टी हा इतरांचा. याच काळात मराठीला मद्याविषयी जे काही लोकशब्द मिळाले ते पाहण्यासारखे आहेत. 'नवटाक' आणि 'पावशेर' ही मापे, पुढे 'क्वार्टर', 'चपटी', 'खंबा' याही बाटल्यांच्या आकारांवरून आलेल्या संज्ञा. 'कडक', 'जहाल' हे जोराचे शब्द. 'संत्रा', 'मोसंबी', 'नारंगी' ही देशी दारूची नावे. त्यांतल्या फळाची अपेक्षा पिणाराही करत नाही. किती आणि किती जोराची, एवढीच मोजणी. दर्जाविषयी बोलणारा आम्हाला सापडलेला एकमेव अस्सल शब्दप्रयोग म्हणजे 'पहिल्या धारेची'. भट्टीतून प्रथम उतरणारी, म्हणून सर्वांत तीव्र. तो शब्द पुढे अलंकारिक अर्थानेही चालू लागला आणि आज समीक्षेतही वापरला जातो. मात्र मद्य गाळण्याचे शास्त्र असे सांगते की अगदी आरंभी उतरणारा भागच टाकून द्यायचा असतो, कारण पिण्यास घातक द्रव्ये त्यात एकवटतात. म्हणजे आपल्या भाषेत उत्तमाचा निकष म्हणून जे रूढ झाले ते जाणता गाळणारा फेकून देतो.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती मिथेनॉलमुळे. जिभेला मिथेनॉल ओळखता येत नाही, तेव्हा तेथे चवीची भाषा कोणालाच वाचवू शकली नसती. पण ज्या पेयाच्या दर्जाची चौकशी करायची नाही असे सरकार, समाज आणि वाङ्मय या तिघांनी मिळून ठरवलेले असते, ते कोणाच्या वाट्याला येते हे कौटिल्याच्या त्या वाक्याने आधीच सांगून ठेवले आहे.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रातल्या खेड्यांतील बायकांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली. मतपत्रिकेवर दोन चिन्हे, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळाले की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. रोजच्या मारहाणीशी ज्यांची गाठ आहे त्यांना खरपूस आणि करपट यांतला भेद समजावून सांगणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. आडवी बाटली या चित्रात कोणताही शब्द नाही, आणि शब्दाची गरजही कोणाला पडली नाही.

तरीही भाषेचा प्रश्न आमच्यापुरता शिल्लक राहतोच. अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक संस्था आहे. तिची गुणपत्रिका पन्नास गुणांची: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, मुखस्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला तीनच गुण आहेत हे आम्हाला आवडले. विद्यापीठाच्या मौखिक परीक्षेत हे प्रमाण कधी कधी उलटे असते. पुण्यात एकदा आम्ही चौघांनी, यातला एक जण केवळ लेखनिक होता, एक पोर्टर आणि दोन स्टाउट घेऊन ही पत्रिका मराठीत भरण्याचा प्रयत्न केला. अट अशी की 'कॉफी' आणि 'चॉकलेट' हे दोन शब्द वर्ज्य. पेले बर्फगार आले होते. थंडीने जीभ बधिर होते, म्हणून ते पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवले. दहा-बारा अंशांवर आल्याशिवाय काळी बिअर बोलत नाही.

शब्द कमी पडतील अशी भीती होती. पडले ते भलतीकडेच. भाजलेपणाच्या पायऱ्यांना मराठीत तोटा नाही: खमंग, खरपूस, करपट, जळका. पोर्टर खमंगाकडून खरपूसाकडे जाते, स्टाउट खरपूसाच्या पलीकडच्या काठावर उभी असते, आणि करपट लागली की गुण कापायचे. कडूपणाचे कडसर, कडवट, कडूजहर असे टप्पे. मुरलेल्या, जड स्टाउटला काकवीचा वास होता. गुऱ्हाळात कढई उतरवताना जो येतो तो. दोषांनाही घरची नावे मिळाली. यीस्टचे काम अर्धवट राहिले तर लोण्याचा वास येतो. हवा लागून बिअर शिळी झाली तर ओल्या पुठ्ठ्याचा. काढा नीट उकळला नाही तर उकडलेल्या मक्याचा. भाजलेल्या सालीचा अंश जास्त उतरला की तुरटपणा, आणि तुरट म्हणजे काय हे जांभूळ खाल्लेल्याला विचारावे. अडले ते 'बॉडी' या एका शब्दापाशी. 'दाटपणा' म्हटले तर खीर आठवते, 'अंग' म्हटले तर संगीत. आमच्यातल्या एकाने 'भरीवपणा' सुचवला; दुसऱ्याने तो कवितेसाठी राखून ठेवावा असे म्हटले. जागा कोरीच राहिली.

२००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरबरोबर आमच्या पलूसलाही वाइन पार्क झाले. नाशिकच्या वाइनचा जो बोलबाला झाला तो पलूसच्या वाट्याला आला नाही. आमच्याकडच्या द्राक्षांची वाट प्रामुख्याने बेदाण्याकडेच जात राहिली. तासगाव आणि सांगलीच्या बाजारांत बेदाण्याचे सौदे होतात. हिरवा, पिवळा आणि काळा अशी प्रतवारी असते. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन रंग, आकार, चिकटपणा पाहतो, एखादा तोंडात टाकतो. काळ्या बेदाण्याला सर्वांत कमी भाव मिळतो. त्या दिवशी सर्वांत जड स्टाउटच्या पत्रिकेवर, वासाच्या बारापैकी दहा गुणांसमोर, आमच्या लेखनिकाने कारण म्हणून लिहिले होते: काळा बेदाणा.